पांढरे भूछत्र : नाव, रंग आणि परिणाम

जालना जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडून गेला की उकिरड्यांवर, बांधांवर आणि गायरानांत लहानमोठी भूछत्रे उगवू लागतात. ‘भूछत्र’ हे नाव आकारावरून पडले. ‘कुत्र्याची छत्री’ या नावात आकाराच्या जोडीला तुच्छताही आली. खाण्याजोग्या भूछत्रांस बहुधा ‘अळंबी’ म्हणतात. उरलेल्यांपैकी कोणते केवळ निरुपयोगी, कोणते मादक आणि कोणते प्राणघातक, हा भेद मात्र या नावांत उमटलेला नाही. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत ‘तेओनानाकात्ल’, म्हणजे ‘देवाचे भूछत्र’, असा शब्द आहे. तेथे नाव परिणामावरून पडले.

मादक भूछत्रांपैकी सर्वांत परिचित जात म्हणजे सायलोसायबी क्युबेन्सिस. अर्ल याने १९०६ साली क्यूबातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. पुढे सिंगर याने ती सायलोसायबी या प्रजातीत घातली. या ग्रीक नावाचा अर्थ ‘बोडके डोके’ असा आहे. उष्ण व दमट प्रदेशांत गुराढोरांच्या शेणावर ही जात उगवते. तिची टोपी सोनेरी तपकिरी, दांड्यावर कडे आणि बीजाणू जांभळट तपकिरी असतात. दांडा चुरगळल्यास निळसर होतो.

हिचाच एक फिकट प्रकार लागवडीत आढळतो. त्याच्या टोपीत रंगद्रव्य फार थोडे असल्याने ती पांढुरकी दिसते; बीजाणू मात्र गडदच राहतात. ज्याचे बीजाणूही रंगहीन असतात, तोच खरा वर्णहीन प्रकार होय. पहिल्यास ‘अल्पवर्णी’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. पांढरेपणा ही स्वतंत्र जातीची खूण नव्हे, तशीच ती मादकतेचे मापही नव्हे. एकाच पिकातील दोन भूछत्रांतही मादक द्रव्याचे प्रमाण सारखे नसते.

हे द्रव्य म्हणजे सायलोसायबिन. आल्बर्ट हॉफमन याने ते मेक्सिकोतील एका भूछत्रातून वेगळे केल्याचे १९५८ साली प्रसिद्ध झाले. शरीरात त्याचे सायलोसिन बनते व ते मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहींवर क्रिया करते. सुमारे अर्ध्या तासात परिणाम जाणवू लागतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. रंग व आकार बदललेले भासतात, काळाचे भान सुटते. मळमळ, नाडीची वाढलेली गती आणि तीव्र भीती हीही त्याचीच लक्षणे होत. मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यास धोका अधिक असतो. नैराश्यावरील उपचारासाठी वैद्यकीय देखरेखीखाली त्याचे प्रयोग चालू आहेत. भारतात मात्र १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये हे द्रव्य नियंत्रित आहे.

खरा धोका याहून निराळा आहे. गवतात उगवणारे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस हेही पांढरेच असते. ते खाल्ल्यास जोराच्या उलट्या व जुलाब होतात. अ‍ॅमानिटा प्रजातीतील काही पांढऱ्या जातींचे विष तर यकृत निकामी करते. त्याची लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात आणि मध्यंतरी बरे वाटल्याने रोगी फसतो. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. म्हणून नाव व रंग या दोहोंवर विसंबून कोणतेही रानटी भूछत्र खाऊ नये. चुकून खाल्ले गेल्यास लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठावे. जो भेद भाषेने नोंदला नाही, तो शरीर नोंदल्यावाचून राहत नाही.