शेक कपड्यांना, औषध अंगाला

धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर थंडीत एकाच गोधडीत तीन-तीन लेकरं झोपतात. अशा घरात खरूज शिरली की सगळ्यांना धरते. मग सल्ले सुरू होतात: शेक द्या, कढत पाणी घ्या, किरण मारून घ्या. यातलं खरं किती?

गैरसमज : शेकानं, चटक्यानं खरूज जाते.
वस्तुस्थिती : खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. ५० अंश सेल्सिअसला १० मिनिटांत किडा मरतो, हे खरं. पण तेवढा वेळ तेवढी उष्णता सोसताना आपली कातडीही भाजते. चटक्याच्या जखमेत जंतू शिरतात आणि बाकीच्या बिळांतले किडे जिवंतच राहतात.

गैरसमज : ऊन किंवा एक्स-रे किड्यांना मारतो.
वस्तुस्थिती : खरजेवर किरणोपचार नाही. गेल्या शतकात मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर एक्स-रे देत असत. पुढे त्यांच्यात थायरॉइडच्या आणि मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या. तो उपचार बंद झाला.

गैरसमज : म्हणजे उष्णतेचा उपयोगच नाही.
वस्तुस्थिती : आहे, पण नेमक्या जागी. बिकानेर भागात वाळूमाशीमुळे होणाऱ्या त्वचेच्या लेशमॅनियासिसवर डॉक्टर यंत्रानं फक्त व्रणाला ५० अंशांची उष्णता ३० सेकंद देतात. खरजेत मात्र उष्णता कपड्यांसाठी. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. पाण्याची टंचाई असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवाव्यात. अंगाबाहेर किडा सहसा दोन-तीन दिवसच जगतो.

गैरसमज : ज्याला खाज, त्यालाच औषध.
वस्तुस्थिती : पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर तो माणूस इतरांना खरूज देतच असतो. म्हणून सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध घ्यायचं. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली लावून सकाळी धुवावं आणि आठवड्यानं पुन्हा लावावं. तान्ह्या बाळासाठी, गरोदर बाईसाठी डॉक्टरांना आधी विचारावं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजन पाहून डॉक्टरच देतात.

गैरसमज : औषधानंतरही खाज, म्हणजे औषध फसलं.
वस्तुस्थिती : किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्याहून जास्त दिवस खाज राहिली किंवा नवे फोड येत राहिले तर पुन्हा दाखवावं.

ऊसतोडीवरून परतल्यावर घरात कुणी रात्री खाजवताना दिसलं, तर लाजू नये. खरूज अस्वच्छतेची खूण नाही. दाटीनं राहणाऱ्या कुणालाही ती होते. लेकराला चटका देण्याआधी सगळ्या घराला घेऊन सरकारी दवाखाना गाठा.