दाढी, जाळी आणि आचाऱ्याचे हात

देहूरोडसारख्या छावणीच्या गावात दाढी ही काही निव्वळ खासगी बाब नसते. शीख जवान ती राखतो, त्याच्या शेजारच्या खाटेवरचा मराठा जवान मात्र रोज पहाटे ब्लेड फिरवतो. दोघांच्याही मागे नियमच आहे. याच गावातून रोज माणसं निगडी, चिंचवड, पिंपरीच्या इस्पितळांत आणि चाकणच्या कॅन्टीनमध्ये कामाला जातात. कुणी आचारी, कुणी वाढपी, कुणी पोळ्या लाटायला. त्यांच्या चेहऱ्याबद्दलही नियम आहेत, पण ते आले फार उशिरा आणि फार वळणं घेऊन.

सुरुवात झाली मिशीपासून, आणि तीही उलटी. १८५४ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत गोऱ्या शिपायांना मिशा सक्तीच्या झाल्या. पुढच्याच वर्षी लंडनचा नामांकित आचारी अलेक्सी सोयर स्वखुशीने क्रिमियाच्या युद्धावर गेला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होती त्या इस्पितळांची स्वयंपाकघरं त्याने मार्गी लावली. भांडी कशी घासायची, मांस किती शिजवायचं, वाटप कसं करायचं, सगळं त्याने बसवून दिलं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत दर वर्षी हजारी ६९ माणसं मरत होती, हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाने सांगितलं. छावण्यांची पुढची सगळी साफसफाई त्या आकड्यातून निघाली. मात्र त्या अहवालाचा भर पाणी, गटारं आणि बराकीतली गर्दी यांवर होता.

ब्रिटिश लष्करातली मिशीची सक्ती ऑक्टोबर १९१६ मध्ये उठली. गंमत अशी, की त्याच सुमारास गुळगुळीत हनुवटीनेही माणसं मारली. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश सैनिकांना पुरवले गेले, ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते आणि दाढी करताना ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स झाला. १९२३ मध्ये तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननासाठी पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्वन कैरोत गेले, तेही डास चावलेल्या जागी वस्तरा लागून रक्तात विष पसरल्याने.

आपल्याकडच्या सरकारी स्वयंपाकघरांत तोवर भलताच प्रश्न महत्त्वाचा होता: आचारी कोणत्या जातीचा? कैद्याने किंवा रुग्णाने जेवण नाकारू नये म्हणून ब्राह्मण आचारी नेमण्याची पद्धत पडली. सोवळं आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घराघरांत कळत असूनही संस्थांना कळायला फार काळ लागला. ओलेत्याने स्वयंपाक करणाऱ्याच्या नखांत काय आहे, हे सोवळं विचारत नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतल्या, स्वयंपाकासह सगळी कामं जातीवरून वाटून देणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. तारीख वाचून वाचकाला चुकीचं छापलंय असं वाटेल, पण साल बरोबर आहे.

इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या इतिहासातली सगळ्यात कुप्रसिद्ध व्यक्ती मात्र एक बाई आहे. मेरी मॅलन ही आयरिश स्वयंपाकीण न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत कामाला असायची. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका घरात विषमज्वर पसरला आणि जॉर्ज सोपर या तपासनिसाने माग काढत तिला गाठलं. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता, जंतू मात्र पोटात मुक्कामाला होते. शिजवलेल्या अन्नात ते मरत. संशय गेला तो तिच्या हातच्या आइस्क्रीमवर, ज्यात कच्ची पीच फळं कापून घातलेली असत. तिला सक्तीने एका बेटावर वेगळं ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती सापडली मॅनहॅटनच्या स्लोन प्रसूती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, मिसेस ब्राउन या नावाने. तिथे २५ जणांना विषमज्वर झाला, दोघे दगावले. उरलेलं आयुष्य, म्हणजे १९३८ पर्यंत, तिने पुन्हा त्याच बेटावर काढलं. तिच्यावर अन्याय झाला का, यावर अजून वाद चालतो. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुणालाही काही कळलं नसतं.

देहूरोडला १९५४ हे साल आठवतं ते २५ डिसेंबरमुळे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच वर्षी देशाचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि थोड्याच अंतरावर पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनने ज्या जंतूंना सुरुवातीला नमवलं त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस होता. हा महाभाग कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात राहतो, पिकलेल्या जखमेत तर राहतोच. नाकावरून बोट बटाट्याच्या भाजीत किंवा खिरीत गेलं आणि पातेलं तासन् तास तसंच राहिलं, की तो विष तयार करतो. भाजी पुन्हा उकळली तर जंतू मरतो, विष तसंच उरतं. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू.

पूर्वी जवळच्याच देहूला धर्मशाळा बांधणारे गाडगे महाराजही त्याच काळातले. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या, हातात खराटा. आजच्या एखाद्या इस्पितळाच्या पर्यवेक्षकाने त्यांना स्वयंपाकघराच्या दारातूनच परत पाठवलं असतं. गावोगावी स्वच्छता शिकवली ती मात्र त्यांनीच.

ब्रिटनमध्ये इस्पितळांची स्वयंपाकघरं सरकारी म्हणून अन्नविषयक कायद्याच्या कचाट्यातून सुटलेली होती. १९८४ च्या ऑगस्टमध्ये वेकफील्डच्या स्टॅनली रॉइड मनोरुग्णालयात रात्रभर बाहेर राहिलेल्या मांसातून साल्मोनेला हा जंतू पसरला आणि १९ रुग्ण गेले. चौकशी झाली, आणि १९८७ मध्ये ती सूट काढून घेतली गेली.

भारतात २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या परवाना नियमांतली अनुसूची ४ प्रत्येक आचाऱ्याला लागू आहे. वर्षाला वैद्यकीय तपासणी, विषमज्वराच्या गटातल्या आजारांची लस, कापलेली नखं, झाकलेलं डोकं, खोटी नखं आणि सैल दागिने नकोत. दाढी ठेवू नका असं वाक्य त्यात नाही. त्यात आहे ते जास्त शहाणपणाचं: काम करताना चेहऱ्याला आणि केसांना हात लावू नका. अमेरिकेच्या अन्नसंहितेतही दाढीवर बंदी नाही, दाढीला जाळी आहे.

मुळात दाढी घाण असते का? २०१४ मध्ये जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शनमध्ये एक अमेरिकन पाहणी छापून आली. इस्पितळांतल्या ४०८ पुरुष कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यांवरचे नमुने घेतले होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस दाढीवाल्यांपैकी ४१.२ टक्क्यांकडे सापडला, तर गुळगुळीत चेहऱ्याच्या लोकांपैकी ५२.६ टक्क्यांकडे. रोजच्या ब्लेडने कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि तिथे जंतूंना आसरा मिळतो, असा संशोधकांचा तर्क. याचा अर्थ दाढी म्हणजे औषध असा नव्हे. वरणात पडलेला केस कुठलीही पाहणी गोड करून देत नाही. पण जाळीचं काम केस अडवण्याचं, हे त्यातून स्पष्ट होतं. जंतू अडवण्याचं काम साबणाचं.

आपल्याकडे हा प्रश्न दर वर्षी एका महिन्यात ऐरणीवर येतो. श्रावण लागला की कित्येक माणसं दाढी-कटिंग बंद करतात, कित्येक मुसलमान आचाऱ्यांची दाढी बाराही महिने असते, शिवाय कुणाच्या घरी सुतक असतं. अशा वेळी ‘उद्या दाढी करून ये’ म्हणणारा पर्यवेक्षक रोजची भांडणं ओढवून घेतो. तो जाळीचं पाकीट पुढे करतो तेव्हा काम सुरू होतं.

२०२० मध्ये कोरोनाने दाढीला वेगळ्याच कारणाने अडवलं. एन-९५ मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेने हवा शिरते. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीला बांधायच्या पारंपरिक ठाठ्यावरून युक्ती काढली. हनुवटीखालून रबराची ताणपट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची, वर मास्क चढवायचा. ही युक्तीही त्याच वर्षी जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शनमध्येच प्रसिद्ध झाली. स्वयंपाकघराला तेवढ्या घट्ट मास्कची गरज नसते. तरी त्या वर्षी धाकाने उतरवलेल्या कित्येक दाढ्या नंतर परत आल्या, आणि त्यांच्याबरोबर जाळ्याही.

तुमचं कुणी इस्पितळात दाखल असेल आणि तिथलंच जेवण येत असेल, तर स्वयंपाकघराचा १४ आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का ते पाहा. आत डोकावू दिलं, तर वाढप्याच्या दाढीकडे नंतर बघा. आधी हात धुण्याच्या बेसिनपाशी साबण आहे का, ते बघा.