पहारेकऱ्याची पारख

वेषांतर करून परक्याच्या गोटात शिरावे, तेथील बित्तंबातमी काढावी आणि कोणास संशय येण्यापूर्वी निघून जावे, हे हेराचे काम. शिवकालातील बहिर्जी नाईक यांचे नाव या कामासाठी महाराष्ट्रात मुलामुलांस ठाऊक आहे. त्यांची विद्या स्वराज्याच्या कामी आली म्हणून ती गौरवास पात्र ठरली. तीच विद्या एखादा भामटा सामान्य गृहस्थाच्या घरात चालवू लागला, तर तिचा गौरव कोण करील? घरातील संगणकात असे हेर शिरतात. ते हाडामांसाचे नसतात. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. हे हेर म्हणजे अशाच आज्ञावल्या होत. त्यांना 'स्पायवेअर' हे नाव पडले असून तो शब्द आता मराठीतही रूढ झाला आहे.

व्हायरस आणि हेर यांतील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. व्हायरस स्वतःच्या प्रती काढीत एका फाइलीतून दुसरीत पसरतो आणि पुष्कळदा नासधूस करतो. त्यामुळे त्याचा उपद्रव बहुधा लवकर उघडकीस येतो. हेराला नासधूस नको असते. संगणक सुरळीत चालावा आणि घरच्यांनी तो निःशंकपणे वापरीत राहावा, यातच त्याचे हित असते. कोणी हेर कळफलकावर दाबलेली अक्षरे टिपतो, कोणी पडद्याची चित्रे काढून घेतो, तर कोणी घरची मंडळी इंटरनेटवर काय काय पाहतात याची नोंद ठेवून ती जाहिरातदारांस विकतो.

हा हेर भिंत फोडून येत नाही. पुष्कळदा घरातील माणसेच त्याला दार उघडून देतात. समजा, एका घरी सातवीतील मुलीने चित्रे रंगविण्याची एक मोफत आज्ञावली इंटरनेटवरून उतरवून घेतली. ती बसविताना एकामागून एक चौकटी पडद्यावर आल्या. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरांतील मजकूर आणि खाली 'पुढे' असे बटण. तिसऱ्या चौकटीत 'आणखी दोन आज्ञावल्या बसविण्यास संमती आहे' असे लिहून त्यापुढे बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. मुलीने मजकूर न वाचता बटण दाबले. चित्रांची आज्ञावली उत्तम चालली. परंतु तिच्या पाठोपाठ आलेल्यांपैकी एक कळफलकावरचे प्रत्येक अक्षर टिपू लागली. त्या रात्री वडिलांनी त्याच संगणकावर बँकेचे खाते उघडले. त्यांचा पासवर्ड हेराने टिपला आणि दूरच्या कोणा अनोळखी संगणकाकडे धाडून दिला. घरात कोणालाही चाहूल लागली नाही. मुलीचा दोष एवढाच की तिने मजकूर वाचला नाही; आणि खरे पाहता मोठी माणसेही त्या चौकटी क्वचितच वाचतात.

अशा हेरांस शोधून काढणारी आज्ञावली कशी जन्मास आली, ही हकीकत मोठी बोधक आहे. २००० साली अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांना स्वतःच्या संगणकात जाहिरातींची एक आज्ञावली परस्पर मुक्काम करून बसलेली आढळली. ती आपली माहिती बाहेर पोचवीत असावी, असा त्यांना संशय आला. तिला हुडकून हाकलण्यासाठी त्यांनी 'ऑप्टआउट' नावाची आज्ञावली लिहिली. पुढे माहिती चोरल्याचा आरोप त्यांनी मागे घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभण्याजोगेच झाले. मात्र न सांगता आत शिरणे आणि घालवू म्हटले तरी न जाणे, ही तक्रार त्यांनी सोडली नाही. त्याच सुमारास जर्मनीतील पॅट्रिक कोल्ला यांनी 'स्पायबॉट' ही आज्ञावली लिहून लोकांस मोफत दिली. २००४ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने या कामातील एक कंपनी विकत घेतली, आणि तिच्या कामातून २००६ साली 'विंडोज डिफेंडर' हा पहारेकरी तयार झाला.

लोकांना पहारेकरी हवा आहे, हे भामट्यांच्याही ध्यानात आले. मग घरफोड्याने पोलिसाचा गणवेश चढवावा, तसा प्रकार सुरू झाला. इंटरनेटवर काही वाचीत असता पडद्यावर एकाएकी लाल चौकट उघडे. 'संगणकाची तपासणी चालू आहे' असे शब्द दिसत, एक पट्टी भराभर पुढे सरके आणि क्षणार्धात शेकडो दोष सापडल्याची घोषणा होई. वास्तविक तपासणी मुळीच झालेली नसे. ते केवळ एक हलते चित्र असे. भ्यालेला गृहस्थ पैसे भरून तो 'पहारेकरी' विकत घेई. 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' आदी नावांनी असा माल विकणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १० लाखांहून अधिक लोक फसले होते. २०१२ साली न्यायालयाने या प्रकरणी १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा हुकूम केला. ती टोळी मोडली, तरी तिची युक्ती मात्र अद्याप जिवंत आहे.

यास्तव पहारेकऱ्याची पारख करावयाची, ती त्याच्या आरडाओरडीवरून करून चालत नाही. इंटरनेटवरील एखादे पान घरच्या संगणकातील सगळ्या फाइली दोन क्षणांत तपासू शकत नाही, हे एकदा कळले की लाल चौकटीची भीती उरत नाही. अशी चौकट उघडल्यास तिच्यातील कोणतेही बटण दाबू नये. बंद करण्यासाठी दाखविलेली फुलीसुद्धा त्या चित्राचाच भाग असू शकते. सबंध ब्राउझरच बंद करावा, आणि तो बंद होत नसेल तर संगणक बंद करावा.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरी एक पहारेकरी मुळातच हजर असतो, ही गोष्ट अनेकांस माहीत नसते. पूर्वी केवळ हेरांकडे पाहणारा डिफेंडर २०१२ च्या विंडोज ८ पासून व्हायरसकडेही पाहू लागला. बहुतेक घरांस तो पुरेसा आहे. तथापि विंडोज १० ला मिळणारी नित्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. ज्या वाड्याच्या भिंतींची डागडुजी थांबली, तेथे एकटा पहारेकरी किती पुरा पडणार? दुसरा पहारेकरी निवडावयाचा असेल, तर त्याचा कर्ता कोण व कोठला, हे आधी पाहावे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे येऊन पुण्यात 'क्विक हील' उभारणाऱ्या कैलास व संजय काटकर या बंधूंप्रमाणे निरनिराळ्या देशांत या विद्येचे जाणते कर्ते आहेत. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज' या संस्था अशा आज्ञावल्यांची परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात, ते पाहावेत. आज्ञावली कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. काही लोक पैसे वाचविण्यासाठी कुलूप तोडलेली प्रत मिळवितात. चोरबाजारातून पहारेकरी आणावा आणि त्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्यात, असा हा अजब व्यवहार होय.

हा पहारेकरी हेराला ओळखतो तरी कसा? पोलिसांजवळ सराईत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे असतात, त्याप्रमाणे त्याच्याजवळ ठाऊक असलेल्या हेरांच्या खुणांची वही असते. प्रत्येक फाइल तो त्या खुणांशी ताडून पाहतो. परंतु नवे हेर सतत निर्माण होत असल्याने ही वही नेहमी ताजी राहावी लागते. म्हणून तिची भर इंटरनेटवरून आपोआप येऊ द्यावी. ज्याची खूण वहीत नाही अशा पाहुण्याला तो वागणुकीवरून ओळखू पाहतो. चित्रे रंगविण्याची आज्ञावली गुपचूप कळफलकाकडे कान लावून बसली, तर तिचा संशय येणे साहजिकच आहे. एक पहारेकरी चांगला, तर दोन अधिक चांगले, असे वाटणे स्वाभाविक असले तरी ते खरे नव्हे. सतत जागा राहणारा पहारेकरी एकच असावा. दोघे असले की दोघेही एकाच फाइलीवर झडप घालतात, परस्परांचा संशय घेतात आणि संगणक मंद होतो.

पहारेकरी चुकतोही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी कंपनीच्या पहारेकऱ्याच्या वहीत एक सदोष भर पडली. त्यामुळे विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाइलच त्याला शत्रू वाटली आणि त्याने ती उचलून अडकवून ठेवली. असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. अमेरिकेतील काही रुग्णालयांत आणि ऑस्ट्रेलियातील काही दुकानांत काम खोळंबले. म्हणूनच पकडलेली फाइल तत्काळ नष्ट न करता प्रथम कोठडीत ठेवण्याची सोय या आज्ञावल्यांत केलेली असते. कोठडीतील फाइल काही करू शकत नाही, पण चूक झाली असल्यास ती परत आणता येते. घरच्या अक्षरांची, छायाचित्रांची आणि हिशेबांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असली, तर अशा दिवशी फार आधार वाटतो.

पहारेकरी जागा आहे की झोपला आहे, हे पाहण्याची एक गमतीची रीतही तज्ज्ञांनी योजिली आहे. 'आयकार' या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती फाइलीत घालून ठेवली की जागा असलेला पहारेकरी तिच्यावर लगेच झेप घेतो. कोणाचे काही बिघडत नाही. हा प्रयोग मुलांनी घरातील वडील मंडळींस सांगून, त्यांच्या समक्ष करावा.

रोजचा पहारा आपोआप चालतो. तरी अधूनमधून सर्व फाइलींची पूर्ण तपासणी करवावी. कित्येक हेर विंडोज चालू असताना स्वतःला दडवितात. त्यांच्यासाठी डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन' तपासणीची सोय आहे: संगणक नव्याने सुरू होतो आणि विंडोज उभे राहण्यापूर्वी, हेर अजून निजलेला असतानाच, झडती घेतली जाते. तिला सुमारे १५ मिनिटे लागतात.

वर सांगितलेल्या मुलीच्या घरी अशा झडतीत हेर सापडला, असे धरले तरी काम तेथे संपत नाही, कारण त्याने आधीच बाहेर पोचविलेली अक्षरे परत येत नाहीत. वडिलांनी प्रथम बँकेला कळवावे. नंतर सर्व पासवर्ड बदलावेत, आणि तेही त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या, निर्दोष असल्याची खात्री असलेल्या संगणकावरून. चित्रे रंगविण्याची ती आज्ञावली काढून टाकावी आणि मुलीला रंगकामाची हौस असल्यास, दुसरी आज्ञावली बसविताना तिनेच एकेका चौकटीतील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा.