मँगॅनीज विषबाधा
मँगॅनीज विषबाधा : मँगॅनीजाची धूळ किंवा धूर दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्याने होणारा व मुख्यत्वे मेंदूवर परिणाम करणारा व्यवसायजन्य रोग. मँगॅनीज धातुकाच्या (कच्च्या धातूच्या) खाणी व चक्क्या, फेरोमँगॅनीज व शुष्क विद्युत् घट यांचे कारखाने, तसेच वितळजोडकाम (वेल्डिंग) येथील कामगारांत तो संभवतो. ग्लासगो येथे धातुक दळणाऱ्या कामगारांतील या रोगाचे पहिले वर्णन जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये केले.

मँगॅनीज अल्प प्रमाणात शरीरास आवश्यक असते. अन्नातील मँगॅनीजाचा थोडाच अंश आतड्यात शोषला जातो व जादा अंश यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातील धुळीबाबत हे संरक्षण अपुरे पडते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व तेथे शोषलेले मँगॅनीज आधी यकृतातून न जाता रक्तावाटे मेंदूत शिरते. गंधतंत्रिकेच्या मार्गानेही ते मेंदूकडे जाते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रकांत, विशेषतः ग्लोबस पॅलिडसमध्ये, ते साचते व तेथील तंत्रिका कोशिकांचा ऱ्हास होतो.

लक्षणे : प्रारंभी थकवा, निद्रानाश, चिडचिड आणि अकारण हसू वा रडू येणे ही लक्षणे दिसतात. चिलीतील खाणकामगारांत या अवस्थेस ‘मँगॅनीजाचे वेड’ असे नाव पडले. ती स्वभावदोष समजली गेल्यास निदान लांबते. पुढे चेहरा निर्विकार होतो, आवाज क्षीण होतो, अक्षर बारीक होत जाते. रोगी चवड्यांवर चालतो व मागे पाऊल टाकताना पडतो. कंपवाताशी (पार्किन्सन रोगाशी) साम्य असले, तरी येथे विश्रांतीच्या वेळचा कंप कमी असतो व लेव्होडोपा या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

उपचार व प्रतिबंध : प्रारंभीच रोग्यास धुळीपासून दूर केल्यास सुधारणा संभवते. कॅल्शियम ईडीटीएमुळे मँगॅनीजाचे उत्सर्जन वाढते. परंतु स्थिरावलेली विकृती सहसा भरून येत नाही, काहींत तर काम सोडल्यावरही ती वाढत जाते. म्हणून प्रतिबंधास महत्त्व आहे. पाणी वापरून छिद्रण करणे, धूळ उगमस्थानीच शोषून घेणे, हवेतील प्रमाण मोजणे व कामगारांची नियमित तंत्रिका-तपासणी करणे हे मुख्य उपाय होत. भारतात कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये अधिसूचनीय रोगांत या विषबाधेचा समावेश करण्यात आला. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनीजाच्या खाणी असल्याने महाराष्ट्रात या उपायांना विशेष महत्त्व आहे.