तक्त्यातले आठवडे कोणी ठरवले?

प्रकल्प व्यवस्थापनाची शाळा : लेखांक ७

एमबीएच्या अभ्यासक्रमात प्रकल्प व्यवस्थापनाचा पेपर असला की त्यात एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. दहा-बारा कामांचा तक्ता दिलेला असतो. कोणते काम कोणत्या कामानंतर सुरू होते आणि प्रत्येकाला किती आठवडे लागतात, एवढे त्यात असते. विद्यार्थ्याने नेटवर्कची आकृती काढायची, क्रिटिकल पाथ, म्हणजे कामांचा सर्वांत लांब मार्ग, शोधायचा आणि प्रकल्प कितव्या आठवड्यात पुरा होईल ते लिहायचे. मागच्या दोन लेखांत ही रीत आपण सविस्तर पाहिली. आज तक्रार आहे ती त्या प्रश्नाबद्दलच. आकडेमोड करायला आता साधे सॉफ्टवेअरही पुरते. तक्त्यातले आठवडे मात्र कोणालातरी ठरवावे लागतात, आणि प्रकल्प घसरतात ते बहुतेक वेळा त्या ठरवण्यापाशीच. प्रश्नपत्रिका हा सर्वांत अवघड भाग ‘दिलेले आहे’ म्हणून मोकळी होते. माझ्या मते या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा.

आठवडे ‘दिलेले’ धरण्याचा हा प्रघात कसा पडला, ते नियोजनाच्या पद्धतींच्या जन्मात दिसते. क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीत घडली. ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली हे तिचे कर्ते. रासायनिक कारखाने बांधणे आणि देखभालीसाठी ते ठरावीक काळ बंद ठेवणे ही तिथली रोजची कामे होती. कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे अनुभवाने माहीत होते, त्यामुळे ‘आठवडे दिलेले आहेत’ हे गृहीतक तिथे शोभत होते. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट पद्धत काढली. तिथे कामच नवे, म्हणून प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घ्यायचे ठरले : सगळे सुरळीत झाले तर, बहुधा, आणि सगळे बिघडले तर. समजा हे अंदाज ४, ६ आणि १४ आठवडे आहेत. मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागले की ७ येतात. हे सूत्र विद्यार्थी झोपेतही सांगतील. पण त्यामागे प्रत्यक्ष कामांच्या नोंदींचा अभ्यास नव्हता. गणिताला सोयीचे म्हणून ते निवडले होते, आणि ते मांडणाऱ्यांपैकी चार्ल्स क्लार्क यांनी १९६२ मध्ये ही गोष्ट मोकळेपणाने मान्यही केली.

पोलारिस यशस्वी झाले. जुलै १९६० मध्ये पाणबुडीने पाण्याखालून पहिले क्षेपणास्त्र सोडले आणि त्या यशाबरोबर पर्टचाही बोलबाला झाला. हार्वे सॅपोल्स्की या राज्यशास्त्रज्ञाने पुढे त्या कार्यक्रमाचा बारकाईने अभ्यास करून १९७२ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या वर्गात क्वचितच पोचतो. त्याच्या मते पर्टचे मोठे काम नियोजनापेक्षा संरक्षणाचे होते. भिंतीवरचे भव्य तक्ते पाहून बाहेरच्यांची खात्री पटे की इथे सगळे काटेकोर चालले आहे, आणि मग ते कार्यक्रमात ढवळाढवळ करत नसत. रंगीत गँट चार्ट दाखवून वरिष्ठांना गप्प बसवण्याची कला आजच्या कचेऱ्यांना अपरिचित आहे असे कोण म्हणेल?

गणितातही एक फट आहे. परीक्षेतले उत्तर सर्वांत लांब मार्गाकडे पाहते. समजा पाच मार्ग समांतर आहेत, प्रत्येक वेळेवर संपण्याची शक्यता ८० टक्के आहे आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मग पाचही वेळेवर संपण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे प्रत्येक विभागप्रमुख प्रामाणिकपणे ‘बहुतेक होईल’ म्हणत असतानाच एकूण प्रकल्प बहुतेक लांबणारच असतो.

अंदाज खरोखरच इतके चुकतात का? बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता, आणि रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी ४५ टक्के होती. त्याहून महत्त्वाचे हे की सत्तर वर्षांच्या नोंदी तपासूनही अंदाज सुधारल्याचे दिसले नाही. चुका भाबड्या असत्या तर काही अंदाज वर गेले असते, काही खाली, आणि अनुभवाने चूक कमी होत गेली असती. ती सतत एकाच बाजूला पडते, याचा अर्थ अंदाज करणाऱ्यावर एकाच बाजूने दाब असतो. कमी आकडा मंजूर होतो, खरा आकडा फायलीत राहतो. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्द इतका रुळलेला आहे, तो काही उगाच नाही. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढ्या काळातली महागाई वजा केली तरी वाढ काही पट उरतेच. भूसंपादन, पुनर्वसन, कालव्यांची कामे यातले काहीही आकाशातून पडलेले नव्हते. त्याआधी झालेल्या प्रत्येक मोठ्या धरणाने तोच इतिहास दाखवला होता.

यावर पहिला आक्षेप अध्यापकांकडून येईल : बावीस-तेवीस वर्षांच्या, कधी प्रकल्प न पाहिलेल्या मुलांनी अंदाज करायचा कशाच्या जोरावर? आक्षेप रास्त वाटतो, पण पुरावा उलट बोलतो. डॅनियल कानेमन यांनी सांगितलेला इस्राएलमधला किस्सा प्रसिद्ध आहे. शाळांसाठी नवा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या त्यांच्या गटातल्या सर्वांनी काम सुमारे दोन वर्षांत होईल असा अंदाज दिला. मग गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारले, की अशाच इतर गटांना किती वेळ लागला होता? त्याला आठवले, की सुमारे चाळीस टक्के गटांनी काम अर्धवट सोडले आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षे लागली. ही माहिती त्याच्याच डोक्यात होती, तरी स्वतःचा अंदाज देताना त्याने ती वापरली नाही. प्रत्यक्षात काम आठ वर्षे चालले. म्हणजे अनुभव नसणे ही खरी अडचण नव्हती. अडचण होती ती जुन्या प्रकल्पांची नोंद समोर न घेण्याची. नोंद वाचायला वयाची अट नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने १५० कोटी रुपये आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांचे मूळ व सुधारित खर्च आणि मुदती देणारे अहवाल वर्षानुवर्षे प्रसिद्ध केले आहेत. इतके उघड साहित्य असताना वर्गात काल्पनिक ‘काम अ’ आणि ‘काम ब’ कशाला?

‘प्रत्येक प्रकल्प वेगळा असतो’ हा दुसरा आक्षेप, आणि त्यासाठी हमखास उदाहरण कोकण रेल्वेचे. आपल्याकडच्या वर्गांत ई. श्रीधरन यांच्या कर्तबगारीची कथा म्हणून ती शिकवली जाते, आणि कर्तबगारी खरीच होती. पण १९९० मध्ये महामंडळ स्थापन होताना पाचेक वर्षांत पुरा व्हायचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सलग खुला झाला. उशीर कुठे झाला? गोव्यातल्या मार्गाच्या आखणीवरून उठलेल्या वादात, आणि खडकाऐवजी चिखलासारख्या मातीतून काढाव्या लागलेल्या बोगद्यांत. सह्याद्रीच्या पायथ्याची रेल्वे एकमेव असेल. जमिनीखाली अपेक्षेपेक्षा वेगळे काही निघणे आणि आखणीला लोकांनी विरोध करणे हे मात्र जगातल्या बोगद्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या बाबतीत नेहमीचेच. प्रकल्प वेगळा असतो, त्याच्या अडचणींची जातकुळी फारशी वेगळी नसते.

सर्वांत वजनदार आक्षेप अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचा आहे. खऱ्या अडचणी आधी कळल्या तर माणूस मोठे काही हातीच घेणार नाही, असे त्यांनी १९६७ मध्ये मांडले. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली कर्णफुली कागद गिरणी हे त्यांचे उदाहरण. तिथल्या बांबूला फुलोरा येऊन तो मेला आणि कच्चा माल संपला. मग गिरणीने इतर भागांतून जलमार्गाने बांबू आणण्याची वाट शोधली, जी एरवी कोणाला सुचली नसती. सिडनीचे ऑपेरा हाउसही याच पंक्तीत बसवतात. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अंदाजावर सुरू झालेली इमारत १० कोटी २० लाखांना पडली, ठरल्यापेक्षा दहा वर्षे उशिरा १९७३ मध्ये उघडली, आणि आज ती नसावी असे कोणीच म्हणणार नाही. तरी या युक्तिवादात वाचलेलेच मोजले जातात. अज्ञानाच्या भरात सुरू होऊन अर्धवट पडलेल्यांवर कोणी पुस्तके लिहीत नाही. शिवाय आंधळेपणाची किंमत अंदाज करणारा सहसा देत नाही. जमीन देऊन पाण्याची वाट पाहणारा शेतकरी ती देतो. ऑपेरा हाउसचा वास्तुकार योर्न उट्झोन मात्र याला काहीसा अपवाद. खर्च आणि अधिकारांवरून सरकारशी झालेल्या भांडणात तो १९६६ मध्येच बाहेर पडला आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही.

राहता राहिली तपासणीची अडचण. क्रिटिकल पाथचे उत्तर एकच येते, ते शंभर उत्तरपत्रिकांत झटपट तपासता येते, आणि विद्यापीठाच्या परीक्षेत याला वजन आहे हे मान्य करायला हवे. म्हणून जुना प्रश्न काढून टाकायची गरज नाही, त्याला एक शेपूट जोडावे. तोच तक्ता द्यावा, सोबत त्याच प्रकारच्या आठ पुऱ्या झालेल्या प्रकल्पांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष मुदती द्याव्यात, आणि विचारावे : या नोंदी पाहून तुम्ही कोणत्या कामाचे आठवडे बदलाल, किती, आणि संचालक मंडळाने तुमचा आकडा नाकारला तर त्यांना काय सांगाल? पहिल्या दोन भागांना गुणांची चौकट सहज घालता येते. तिसऱ्यासाठी तपासनीसाला उत्तर वाचावेच लागेल. पुढच्या लेखात वाढीव मुदतीचा हाच आकडा वित्तव्यवस्थापनाच्या पेपरातल्या निव्वळ वर्तमान मूल्याच्या गणितात घालून पाहू, कारण तिथेही महसूल आणि खर्च ‘दिलेले’च असतात.