झुंज टळते तो क्षण

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटनमधल्या वन्यजीव छायाचित्रकारांना एकाच फोटोचा ध्यास लागतो. एकमेकांत अडकलेली दोन नरांची शिंगं, खुरांखालून उडणारा चिखल आणि मागे सकाळचं धुकं. रेड डिअर या तांबूस, सांबरासारख्या थोराड हरणांचा तो माजाचा हंगाम असतो. असा फोटो मिळाला की लेन्सचे पैसे वसूल झाले, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण या हरणांवर झालेलं संशोधन वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. झुंज ही इथे सगळे उपाय संपल्यावर उरणारी गोष्ट आहे. पाहण्यासारखं आणि टिपण्यासारखं जे आहे, ते झुंज टाळण्यात आहे.

ही समज आपल्याला मुख्यतः एका बेटाने दिली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे शंभरेक चौरस किलोमीटरचं रम बेट आहे. सतत पाऊस आणि वारा, झाडं तुरळक. बेटाच्या उत्तर टोकाला किलमोरीच्या खोऱ्यात 1972 पासून एकेक हरीण ओळखून, त्याच्या जन्मापासून मरणापर्यंतची नोंद ठेवली जाते. कोणत्या नराकडे कोणत्या दिवशी किती माद्या होत्या, कोण कुणाला भिडलं, कोण लंगडत गेलं, हे सगळं त्या वह्यांमध्ये आहे. टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस आणि स्टीव्ह अल्बन यांनी तिथे केलेलं काम प्राणिवर्तनाच्या अभ्यासात पायाभूत मानलं जातं.

माजाची सुरुवात थंडीने नव्हे, तर आखूड होत जाणाऱ्या दिवसाने होते. रात्र लांबते तसं मेंदूतलं मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं, आणि त्यातून पुढे नरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन चढत जातं. काळविटाची शिंगं आयुष्यभर टिकतात. या हरणांची मात्र दर वसंतात गळून पडतात आणि उन्हाळ्यात नव्याने उगवतात. ऑगस्टमध्ये शिंगांवरची मखमली कातडी घासून निघते आणि आत कडक हाड उरतं. सप्टेंबर सरताना मान जाड होते, आयाळ वाढते. एरवी एकमेकांशेजारी निमूट चरणारे नर आता एकमेकांना सहन करेनासे होतात. ते आपल्याच मुतात भिजलेल्या चिखलात लोळतात, शिंगांनी गवत आणि नेचे उपटतात. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये शिंगांवर नेच्याचा भारा मिरवणारे नर हमखास दिसतात.

आणि मग ते डुरकू लागतात. आपल्याकडे मस्तवाल वळू डुरकतो त्याच जातीचा हा आवाज, पण अधिक खर्जातला आणि दिवसरात्र चालणारा. माद्यांचा घोळका राखून असलेल्या नराकडे दुसरा नर येतो, तेव्हा तो थेट अंगावर जात नाही. दोनतीनशे मीटरवर थांबतो आणि डुरकतो. पहिला उत्तर देतो. हळूहळू दोघांच्या डुरकण्याचा वेग वाढत जातो. क्लटन-ब्रॉक आणि अल्बन यांनी 1979 मध्ये मांडलं, की हा आवाज खोटा काढता येत नाही. छातीचे नि मानेचे जे स्नायू झुंजीत लागतात, तेच डुरकताना राबतात. थकलेला नर वेग टिकवू शकत नाही. म्हणजे न भिडताच समोरच्याचा दम कळतो, आणि बरेच आव्हानवीर इथूनच परत फिरतात.

छायाचित्रकाराने या वेळी गळ्याकडे बघावं. नर मान लांबवून तोंड उघडतो तेव्हा गळ्यावरचा उंचवटा स्पष्टपणे छातीकडे खाली सरकताना दिसतो. ते त्याचं स्वरयंत्र. टेकमसे फिच आणि डेव्हिड रेबी यांनी 2001 मध्ये दाखवलं, की हा नर स्वरयंत्र जवळजवळ छातीच्या हाडापर्यंत ओढून घेतो. घशाची नळी लांबते आणि आवाज जास्त भारदस्त होतो. घशात खाली बसलेलं स्वरयंत्र फक्त माणसाकडेच असतं, ही जुनी समजूत त्या शोधाने मोडली. कॅरन मॅकोम्ब यांनी न्यूझीलंडमध्ये पाळीव माद्यांना ध्वनिमुद्रित डुरकणं ऐकवलं, तर त्या एरवीपेक्षा लवकर माजावर आल्या. तेव्हा हा आवाज शत्रूला आणि जोडीदाराला एकाच वेळी उद्देशून असतो. तो टिपायचा तर बाजूने, मान पूर्ण ताणलेली असताना. सूर्य वर येण्याच्या सुमारास प्रकाशाच्या समोर उभं राहिलं, तर थंड हवेत तोंडातून निघालेली वाफ उजळते. प्रत्येक डुरकण्याबरोबर तिचा आकार बदलतो. मागे गर्द झाडी असेल तर ती नीट उठून दिसते.

डुरकून निकाल लागला नाही तर दोघे समांतर चालू लागतात. थोडं अंतर राखून, ताठ पायांनी, एकमेकांना आपली कूस दाखवत, पुन्हा वळून परत. हे कितीतरी मिनिटं चालतं. मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, आणि सर्वांत कमी फोटो त्याचेच निघतात, कारण बहुतेक लेन्स एकाच शिंगाळ डोक्यावर रोखलेल्या असतात. इथे लेन्स थोडी आखूड करून दोघांनाही एका चौकटीत घ्यावं, पलीकडे माना वर करून बघणाऱ्या माद्यांसकट.

झुंज होतेही. पण तिची किंमत रमच्या नोंदींतून कळते. पाच वर्षांवरच्या नरांपैकी दर हंगामात सुमारे 23 टक्के जखमी होतात आणि 6 टक्क्यांपर्यंत नरांना कायमचं अपंगत्व येतं. शिवाय मालक झुंजीत गुंतला की कोवळे नर मागच्या मागे एखादी मादी पळवून नेतात.

या साऱ्यात नर जवळपास खातच नाही. हंगाम संपेतो त्याचं वजन पाचव्या हिश्शापर्यंत उतरतं आणि पुढे लगेच उत्तरेचा हिवाळा उभा असतो. माणूस जवळ आला म्हणून माद्या विखुरल्या, तर त्यांना पुन्हा गोळा करायला तो याच शिल्लक चरबीतून खर्च करतो. रिचमंड पार्कमध्ये किमान 50 मीटर अंतर ठेवायला सांगतात. ते माणसाच्या सुरक्षेसाठी आहे आणि हरणासाठीही. नर आणि माद्यांच्या मधे तर कधीच जाऊ नये. चारशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स असताना जवळ जाण्याचा हट्ट मला अक्षम्य वाटतो.

हिरव्या ठिपक्यांच्या महागड्या कपड्यांचाही फारसा उपयोग नाही. हरणाच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात. तांबडा-नारिंगी त्याला हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. तेव्हा निळी जीन्स घरी ठेवावी, वारा आपल्या तोंडावर घ्यावा आणि टेकाडाच्या माथ्यावर आभाळापुढे उभं राहू नये.

जुन्या डायरीतल्या तारखांवरही आता विसंबता येत नाही. रमवर 1980 नंतरच्या 28 वर्षांत माजाच्या आणि पाडसांच्या जन्माच्या तारखा पाच ते बारा दिवसांनी अलीकडे सरकल्या. त्यामागे वाढतं तापमान आहेच, पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जन्मतारखेच्या बदलातला काही वाटा आनुवंशिक, म्हणजे डोळ्यांदेखत घडणाऱ्या उत्क्रांतीचा आहे. फोटोवरची तारीख म्हणूनच जपून ठेवण्यासारखी.

ताडोबात किंवा पेंचमध्ये फिरणाऱ्या आपल्या छायाचित्रकारांना असा ठरावीक शरद हंगाम मिळत नाही. चितळांमध्ये एकाच वेळी मखमली शिंगांचे नि कडक शिंगांचे नर दिसतात. रेड डिअरचा भारतातला खरा जोडीदार श्रीनगरजवळच्या दाचीगाममध्ये आहे: त्याचाच भाऊबंद, काश्मीरचा हंगुल. तोही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच डुरकतो. 2023 च्या गणनेत हंगुल अवघे 289 भरले. एकट्या रम बेटावरही याहून जास्त रेड डिअर आहेत. दाचीगाममध्ये कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला म्हणून 50 मीटरही कमीच. तिथे लांबून काढलेला, चौकटीत हंगुल अगदी लहान दिसणारा फोटोच बरोबर.