‘माथेफिरू’ म्हटले की संपले?

परदेशातल्या गोळीबाराची बातमी रात्री उशिरा येऊन थडकली की मथळ्याचा पहिला शब्द शोधावा लागत नाही. ‘माथेफिरूचा अंदाधुंद गोळीबार, इतके ठार.’ मीही असे मथळे दिले आहेत. शब्द कॉलमात नेमका बसतो, वाचकाला लगेच कळतो आणि त्याच्यापुढे प्रश्नच उरत नाही. डोके फिरलेला माणूस, त्याचे कोण काय करणार? तिकडच्या राजकारण्यांचेही तेच. मृतांची ओळख पटायच्या आत ‘हा बंदुकीचा नाही, मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे’ हे वाक्य येते, आणि चार दिवसांत ना बंदुकीचे काही होते, ना मानसिक आरोग्याचे.

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या मेन राज्याच्या मतदारांनी हा पाठ मोडला. ‘रेड फ्लॅग’ कायदा हवा की नको, या प्रश्नावर सुमारे ६३ टक्के लोकांनी ‘हवा’ म्हटले. घरातला माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती असेल, तर त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्या, असा अर्ज कुटुंबीयांना थेट न्यायालयात करता यावा, असा हा कायदा. मेन म्हणजे काही बंदूकविरोधकांचा गड नव्हे. हरणांच्या शिकारीचा हंगाम तिथे सणासारखा असतो आणि परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरण्याची मुभा २०१५ पासून आहे. अशा राज्याने हा कौल दिला, याचे कारण लुइस्टन.

२५ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ. लुइस्टन शहरात आधी एका बोलिंग अ‍ॅलीत आणि मग एका बारमध्ये गोळीबार झाला. १८ माणसे मेली. बारमध्ये कॉर्नहोल नावाच्या खेळाचे सामने चालू होते आणि तिथे जमलेल्या कर्णबधिर मित्रांपैकी चौघे गेले. हल्लेखोर दोन दिवसांनी मृतावस्थेत सापडला. त्याने स्वतःला संपवले होते. इथवर सारे नेहमीचेच. नेहमीचे नाही ते त्याआधीच्या पाच महिन्यांत घडलेले.

हा माणूस सैन्याच्या राखीव दलात सार्जंट होता, वर्षानुवर्षे कॅडेटना हातबॉम्ब फेकायला शिकवत होता. त्याला ऐकू कमी येऊ लागले, आणि लोक आपल्याबद्दल वाईटसाईट बोलतात असे वाटू लागले. मे महिन्यात त्याच्या मुलाने आणि घटस्फोटित पत्नीने पोलिसांना सांगितले: बाबांचे बिनसले आहे आणि त्यांनी भावाच्या घरून दहा-पंधरा बंदुका आणल्या आहेत. जुलैत त्याने आणखी एक रायफल घेतली, कायदेशीरपणे. त्याच महिन्यात प्रशिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेला असताना वरिष्ठांनी त्याला रुग्णालयात पाठवले. तिथे तो दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिला आणि घरी आला.

ऑगस्टमध्ये तो एका बंदुकीच्या दुकानात सायलेन्सर घ्यायला गेला. फॉर्मवर प्रश्न होता: तुम्हाला कधी मनोरुग्णालयात ठेवले होते का? त्याने ‘होय’वर खूण केली. दुकानदाराने सायलेन्सर दिला नाही. आजारी माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिले आणि दुकानदारही नियमाने वागला. पण तो कागद दुकानाबाहेर गेला नाही आणि घरातल्या बंदुका घरातच राहिल्या.

१५ सप्टेंबरला दलातल्याच एका मित्राने अपरात्री वरिष्ठांना मेसेज केला: हा कधीतरी सटकेल आणि सामूहिक हत्याकांड करेल, असे मला वाटते. अगदी याच आशयाचे शब्द. दुसऱ्या दिवशी शेरीफच्या कचेरीतला माणूस त्याच्या घरी गेला. आत कुणीतरी वावरत असल्याची चाहूल होती. दार वाजवले, उघडले नाही. तो परत फिरला. बंदुका घरचे काढून घेतील, असे फोनवर ठरले आणि प्रकरण तिथेच थांबले. त्यानंतर उणेपुरे चाळीस दिवस.

हे पुन्हा वाचा. मुलाने सांगितले, पत्नीने सांगितले, मित्राने सांगितले, रुग्णालयाला माहीत, सैन्याला माहीत, दुकानदाराला माहीत. खुद्द त्यानेही लिहून दिले. तरीही गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी मथळा ‘माथेफिरू’चाच.

तेव्हा मेनमध्ये कायदा नव्हता असेही नाही. ‘यलो फ्लॅग’ नावाचा, २०१९ मध्ये तडजोडीतून झालेला कायदा होता. त्यात आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घ्यायचे, मग वैद्यकीय तपासणी करायची, मग न्यायाधीशांनी आदेश द्यायचा. तीन दारे, आणि पहिले दार उघडायचे पोलिसांनी. राज्याचे माजी सरन्यायाधीश डॅनियल वॉथन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटले की सप्टेंबरमध्येच त्याला ताब्यात घेण्याइतपत कारण पोलिसांपाशी होते. हत्याकांडाआधीच्या तीन वर्षांत हा कायदा वापरला गेला जेमतेम ऐंशीएक वेळा, नंतर शेकड्यांनी. बैल गेला नि झोपा केला, दुसरे काय.

आता जेफ्री स्वॉन्सन. ड्यूक विद्यापीठातला हा समाजशास्त्रज्ञ, आणि गेली पस्तीस वर्षे त्याचा विषय एकच: मानसिक आजार आणि हिंसा. या वादात मला त्याच्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा दिसत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरतो. १९९० मध्ये त्याने सुमारे दहा हजार लोकांच्या पाहणीतून हिशेब मांडला: गंभीर मानसिक आजार उद्या जादूने नाहीसे झाले, तर समाजातली हिंसा किती कमी होईल? उत्तर आले, सुमारे चार टक्के. उरलेली शहाण्णव टक्के हिंसा तरीही होतच राहील: दारूच्या नशेत, रागात, सूडापोटी, जमिनीसाठी, बायकोवरच्या संशयातून. म्हणजे ‘मानसिक आरोग्य सुधारा, गोळीबार थांबेल’ म्हणणारे चुकतात. पण स्वॉन्सन तिथे थांबत नाही. मानसिक आजार आणि बंदूक यांची खरी गाठ पडते ती आत्महत्येत, हे तो सतत सांगत आला आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागत नाहीत, कॅमेरे येत नाहीत. एकेका घरात, बंद दाराआड, एकेक माणूस जातो.

मग हाच माणूस कनेक्टिकटमध्ये गेला. तिथल्या लॉटरी मुख्यालयात १९९८ मध्ये एका कर्मचाऱ्याने चार अधिकाऱ्यांना मारले होते आणि १९९९ मध्ये त्या राज्याने पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाने बंदुका काढून घेण्याचा अधिकार दिला होता. स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१३ मधली ७६२ प्रकरणे तपासली. सरासरी एकेकाकडून सात बंदुका. त्यांचा अंदाज असा की अशा दहा ते वीस कारवायांमागे एक आत्महत्या टळली. आकडा छोटा वाटेल. पण दहा-वीस घरांतली कपाटे रिकामी केल्याने एक माणूस सकाळी चहाला उठून बसत असेल, तर ती कपाटे रिकामी करायलाच हवीत.

याचे कारण माणसाच्या मनात आहे. जीव द्यावासा वाटण्याची घटका बहुतेकांच्या बाबतीत येते आणि ओसरते. त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये एक साधी गोष्ट केली: शुक्रवार-शनिवारच्या सुटीला घरी जाताना सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला सांगितले. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती प्रामुख्याने त्या सुटीच्या दिवसांत. शेजारच्या श्रीलंकेने टप्प्याटप्प्याने जहाल कीटकनाशके बाजारातून हटवली आणि १९९५ च्या तुलनेत वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्यातल्या वाचकाला यापुढचे सांगायला नको. कर्ज, नापिकी, भाव हे सगळे आहेच. पण त्या रात्री कीटकनाशकाचा डबा घरात कुठे होता, हेही आहे.

मेनच्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी या प्रस्तावाला विरोध केला. यलो फ्लॅग त्यांच्याच पुढाकाराने आला होता. त्यांचे म्हणणे, लोकांचे रक्षण करणे हे सरकारचे काम आहे, ते ओझे घरच्यांवर टाकू नका. बंदूकमालकांचा आक्षेप वेगळा: भांडलेला नवरा, चिडलेला भाऊ खोटा अर्ज करेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुनावणी लवकर व्हावी, खोटे बोलणाऱ्याला शिक्षा व्हावी, मुदत संपली की बंदूक परत मिळावी, हे सगळे हवेच. पण मिल्स यांच्या मुद्द्यावर माझे उत्तर लुइस्टनमधलेच आहे. ओझे घरच्यांवर होतेच. मुलगा मे महिन्यातच बोलला होता. त्याच्या हातात काही नव्हते, एवढेच. आणि नव्या कायद्यात आधी ‘हा वेडा आहे’ असा शिक्का लागत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रश्न आजाराच्या नावाचा नाही, धोक्याचा आहे. हल्लेखोराच्या मेंदूची तपासणी बॉस्टन विद्यापीठाने केली, तेव्हा त्यात इजा झाल्याच्या ठळक खुणा सापडल्या. हजारो हातबॉम्बच्या धक्क्यांशी त्यांचा संबंध असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ त्या आजाराला नेमके कोणते नाव देणार होता? आणि नाव मिळेपर्यंत बंदुका कपाटात ठेवायच्या?

आपल्याकडे हा प्रश्न येत नाही असे समजू नका. ३१ जुलै २०२३ ला जयपूर–मुंबई सुपरफास्टमध्ये वैतरणा-पालघरच्या पट्ट्यात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना सरकारी रायफलने ठार केल्याचा आरोप आहे. त्या दिवशी बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या, अशी विनंती त्याने केली होती आणि ड्यूटीचे दोनेक तासच उरले म्हणून ती मानली गेली नाही, असे सहकाऱ्याच्या जबाबात आहे. खटला न्यायालयात आहे, त्यावर बोलायचे नाही. पण तेव्हाची चर्चा आठवा. ‘मनोरुग्ण होता’ म्हटले की त्याने डब्यांमागून डबे पार करून कुणाला वेचले, हा प्रश्न बाजूला पडत होता. द्वेषाकडे बोट दाखवले की बरे नसलेल्या माणसाच्या हातात रायफल का राहिली, हा प्रश्न बाजूला पडत होता. दोन्ही प्रश्न एकाच वेळी खरे असू शकतात.

आणि बंदूक काही दिवस काढून घेणे आपल्याला परकेही नाही. मेनमध्ये मतदान झाले त्याच ४ नोव्हेंबरला महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर होऊन आचारसंहिता लागली. अशा वेळी पोलिस ठाण्यांत परवानाधारकांची शस्त्रे जमा होतात. माणूस येतो, बारा बोअरची बंदूक टेबलावर ठेवतो, पोचपावती खिशात घालून घरी जातो. निकाल लागल्यावर परत नेतो. तो गुन्हेगार आहे असे कुणी म्हणत नाही, वेडा आहे असे तर नाहीच. काळ तापलेला आहे, एवढे कारण पुरते. एखाद्या घरातला काळ तापलेला असू शकतो, हे कायद्याने मानायला काय हरकत आहे?

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीची सहा वर्षांची मुलगी परवा व्हिडिओ कॉलवर मला शाळेत गोळीबार झाला तर काय करायचे, याचा तिच्या वर्गातला ‘ड्रिल’ करून दाखवत होती. दिवा बंद करायचा, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचे, शिंकसुद्धा दाबायची. मग तिने पाय वर करून बूट दाखवले. चालताना लुकलुकणारे तिचे आवडते बूट आई शाळेत घालू देत नाही, कारण अंधारात ते दिसतात. एवढे सांगून ती खेळायला पळाली. बहीण फोन हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही.

माझ्यापुरते मी ठरवले आहे: यापुढे माझ्या हातून ‘माथेफिरू’ हा शब्द मथळ्यात जाणार नाही. स्किझोफ्रेनियाच्या, नैराश्याच्या गोळ्या घेऊन रोज सकाळी लोकलने कामाला जाणारी लाखो माणसे तो शब्द वाचतात, आणि त्यांतल्या एखाद्याने उपचाराला जायचे टाळले तर त्यात आमचाही वाटा असतो. वाचकांना विनंती आहे ती याहून साधी. घरात कुणाचे बिनसले आहे असे जाणवले तर नाव शोधत बसू नका. परवान्याची बंदूक असेल तर पोलिसांशी बोलून ती ठाण्यात ठेवा. फवारणीचे औषध असेल तर कुलपात घाला आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या. मग त्या माणसाजवळ बसा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.